नारायणच्या अॅम्प्लिफायरची उजवी बाजू

श्रावणातला एक रविवार, सकाळचे अकरा. रक्कम एकशे पंचेचाळीस रुपये. ठाकुरद्वारच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आम्ही तिघे हजर होतो: दुकानाचे मालक पाठारे, माझा शेजारी नारायण सावंत आणि मी. नारायणला जाऊन आज सहा आठवडे झाले. त्या सकाळी मी त्याच्याकडे पाठ फिरवून काही बोललो. ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

लालबागला आमच्या खोल्या लागून. नारायण सत्तावीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला विणकर, मी त्याच गिरणीच्या पगारखात्यात कारकून. साचेखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. नारायणच्या कानांची त्या खडखडाटात वाट लागली. डाव्यात थोडं शिल्लक होतं, उजवा साफ गेला असं डॉक्टरांनी सांगितलं. बायको, पार्वती, चार वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. दिवेलागणीला भजनाच्या रेकॉर्डी लावायच्या, एवढाच त्याला नाद, आणि आता त्याही ऐकू येईनाशा झाल्या होत्या. "पुरतो भयरो होवच्या आधी एकदा दोनय कानांनी ऐकूचा आसा, बापू," तो मला म्हणाला. त्यासाठी त्याला आवाज मोठा करणारा चांगला अॅम्प्लिफायर हवा होता, आणि जवळ होते ते हेच एकशे पंचेचाळीस.

आम्ही तीन रविवार फिरलो. गिरगावातल्या एका मोठ्या दुकानात काचेआड एक विलायती अॅम्प्लिफायर होता, एकाच पेटीत दोन बाजू, दोन्हींना वेगळं बटण, वेगळा स्पीकर. किंमत तीनशे वीस. विक्रेता हसत म्हणाला, "काका, दोन बाजूंच्या रेकॉर्डी आत्ता कुठे निघताहेत. तुम्हाला दोन बाजू कशाला?" नारायणने त्याचे ओठ वाचले आणि म्हणाला, "माका कान दोन आसत म्हणून." जुन्या बाजारात एक नव्वदला मिळत होता, एकाच बाजूचा. मला हिशेब पटला होता. पण नारायणने खिशातली लाकडी फूटपट्टी काढली, एक टोक पेटीवर टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. साच्यातला बिघाड तो असाच ओळखायचा. रेकॉर्ड लावलेली नव्हती. थोड्या वेळाने त्याने पट्टी काढून पुसली. "नको. ह्याच्यात दुसऱ्याच्या घरचो आवाज आसा." मला हसू आलं नाही...

पाठारे स्वतः जोडणी करून देत. एक बाजू एकशे पंचेचाळीस, दोन्ही बाजू एकशे पंच्याऐंशी. नारायणचा चेहरा उतरला. मी त्याच्यासमोर, ओठ नीट हलवून, म्हणालो, "वरचे चाळीस मी घालतो." त्याने माझा हात दाबला. मग मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहायच्या निमित्ताने त्याच्याकडे पाठ केली आणि पाठाऱ्यांना म्हटलं, "त्याचा उजवा कान मेलेला आहे. डावीच बाजू बसवा. उजवीकडे नुसतं बटण आणि स्पीकर लावा, आत काही नको."

पाठाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं. "लावतो. पण साहेब, बटण असलं की माणूस ते फिरवून बघतो."

मेलेल्या कानावर चाळीस रुपये घालणं मला उधळपट्टी वाटली. ते चाळीस मी पोस्टात टाकले.

पेटी आली. नारायण दोन स्पीकरांच्या मध्ये पाटावर बसायचा. डावीकडून भजन मोठ्याने यायचं, आणि त्याचा हात मात्र उजव्या बटणावर. थोडं पुढे, थोडं मागे, मग थांबायचा, बरोबर जागा सापडल्यासारखा. पुढे पुढे तो रेकॉर्ड लावेनासा झाला. नुसता दिवा लागलेली पेटी, आणि उजवीकडे कललेली मान. एकदा मी समोर जाऊन विचारलं, "काय ऐकतोस रे?"

"उजव्या बाजूचा काम ब्येस केलंस हां, बापू. डाव्यात गाणा येता. उजव्यात ती येता."

"ती कोण?"

"अरे, पार्वती. तांदूळ पाखडता."

मी खाली पाहिलं. त्याला खरं सांगावं असं तीनदा मनात आलं. प्रत्येक वेळी त्याने बोट उचलून मला गप्प केलं, कारण त्याला ऐकायचं होतं. असं अकरा आठवडे चाललं. बाराव्या आठवड्यात एका सकाळी तो त्या पाटावरच गेलेला सापडला. पुतण्या गावाहून आला, भांडी आणि ट्रंक घेऊन गेला. "ही पेटी तुम्हीच ठेवा, काका. आमच्या गावाक वीज खंय आसा?"

मग हरताळाचा दिवस आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद, ट्राम बंद, सगळी चाळ सभेला गेलेली. माझ्या घरचेही गेले होते. पाणी टिपकलं तरी ऐकू यावं अशी दुपार. उजव्या बाजूत काही नाही याची एकदा स्वतः खात्री करून घ्यावी, म्हणजे मन निवेल, असा माझा विचार. पेटी लावली. डावं बटण शून्यावर ठेवलं. उजवं फिरवलं, थोडं पुढे, थोडं मागे.

एका जागी सूप ऐकू आलं. दाणे वर जाऊन परत पडत होते, सावकाश, घाई नसलेल्या बाईच्या हाताने. मी गॅलरीत जाऊन आलो. मजल्यावर सगळ्या दारांना कुलपं. परत येऊन मी भिंतीतली पिन उपटली. दिवा विझला. आवाज लगेच थांबला नाही... आधी दाणे थांबले. मग सूप भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून पैसे काढून मी ठाकुरद्वारला गेलो. पाठाऱ्यांसमोर नोटा ठेवल्या.

"आता बसवू म्हणता? पेटी घेऊन या."

"नाही. पेटी उघडायची नाही. आत काहीही घालायचं नाही."

"मग हे कसले?"

त्यांना मी जे ऐकलं ते सांगितलं नाही. पावती मात्र मागितली, आणि तिच्यावर काय लिहायचं तेही सांगितलं: अॅम्प्लिफायरची उजवी बाजू, चालू स्थितीत, नारायण सावंत यांच्यासाठी. चाळीस रुपये पाठाऱ्यांना रोख पोचले.