ज्याच्यावर विनोद, तो हजर पाहिजे

मकबूल हुर्जूक जहाजावरून कायमचे उतरले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची कोणी टिंगल केलेली नाही. अशी तक्रार नोंदवून घेणारं खातं अजून उघडलेलं नसल्यामुळे ते ती कोणाकडे करत नाहीत.

मूळ गाव म्हसळ्याकडचं. तिथल्या घराघरांतला एखादा पुरुष जहाजावर असतो आणि बाकीचं घर त्याच्या सुट्टीकडे डोळे लावून असतं. मकबूल मालवाहू जहाजांवर भांडी घासायला चढले आणि चीफ कुक होऊन उतरले. मधल्या काळात कोपरखैरण्याला सिडकोचा फ्लॅट घेतला, मुलगा फहाद दोह्याला गेला, मुलगी नबीला लग्न होऊन पुण्याला गेली. निवृत्त होऊन बायकोशी ओळख वाढवावी असं ठरवलं होतं. ती जरा वाढते आहे तोवर रहिमा गेली.

आता ते एकटेच जेवतात. मात्र थोडा स्वयंपाक त्यांना अजून जमत नाही. हात जहाजाच्या मापाचा आहे. उरलेलं वॉचमनला जातं. वॉचमन ‘बहुत बढिया’ म्हणतो आणि मकबूलचाचांना वाईट वाटतं. जहाजावर त्यांच्या जेवणाला कोणी चांगलं म्हटल्याचं त्यांना आठवत नाही. तिथला एक ग्रीक खलाशी म्हणायचा, ही करी आहे की इंजिनाचं तेल? मग मागून दोनदा घ्यायचा.

त्या जेवणघरातलं टेबल हे त्यांचं खरं गाव. भोवती ग्रीक, जर्मन, फिलिपिनो, श्रीलंकन. एकमेकांची भाषा कोणालाच धड येत नसे. दुसऱ्याच्या देशाबद्दल एकदोन पक्के गैरसमज मात्र प्रत्येकाकडे असत आणि त्या भांडवलावर महिनेच्या महिने निघत. जहाज बुडायला लागलं की फिलिपिनो आधी कराओकेचं मशीन लाईफबोटीत चढवतो, मग स्वतः बसतो, आणि दुसऱ्या गाण्याला त्याला आठवतं की कप्तान वरच राहिला. जर्मन बुडत्या जहाजावर शांत उभा असतो, कारण बुडण्याची वेळ साडेचार ठरली आहे आणि आत्ता कुठे चार वाजलेत.

या टेबलाचा एक नियम होता. ज्याच्यावर विनोद, तो समोर हजर पाहिजे. आणि सांगून झालं की पुढचा नंबर त्याचा. त्याने तुमच्या देशावर सांगायचा आणि तुम्ही हसायचं. पाठीमागे सांगितला तर दुसऱ्या दिवशी ताटात नुसता रस्सा यायचा, मटणाचा तुकडा नाही. अंमलबजावणी अर्थातच कुकच्या हातात होती. रोडेल नावाच्या फिलिपिनोने कराओकेच्या बदल्यात सांगितलं होतं की इंडियन लाईफबोटीत उडी मारण्याआधी तिच्यात रुमाल टाकून जागा धरतो. त्यावर हसताना मकबूलचाचांच्या हातातली पळी डाळीत बुडाली होती.

कोपरखैरण्यात हे सगळं गेटजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आलं. संध्याकाळी तिथे सोसायटीतली मंडळी बसतात. सेक्रेटरी दिलीप गायकवाड, मूळचा परभणीकडचा, तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दत्तू म्हात्रे मूळ गावठाणातला. या जमिनीवर इमारती यायच्या आधी त्याच्या आजोबांचं भात इथे व्हायचं, हे तो पार्किंगच्या प्रत्येक भांडणात सांगतो. आणि आणखी चारपाच जण.

“चाचा, तो जर्मनवाला सांगा ना,” दत्तू म्हणायचा. “माझा पाव्हना आलाय, त्याला आयकू दे.”

चाचा सांगत. पण इथे जर्मन हजर नसायचा. म्हणून विनोद संपला की ते स्वतःच जर्मन होत, खुर्चीत ताठ बसत आणि त्याच्या वतीने इंडियनवर एक सांगायला घेत. पहिल्या भागाला खुर्च्या हलेपर्यंत हसणं व्हायचं. दुसरा भाग सुरू झाला की कोणाचा तरी फोन वाजायचा, किंवा कोणाला तरी दूध आणायचं आठवायचं. चाचा उरलेला भाग वॉचमनला सांगत. वॉचमन ‘बहुत बढिया’ म्हणे.

तरी खुर्ची होती. संध्याकाळ निघत होती.

मग गेल्या दिवाळीनंतर एकदा, सगळे रंगात असताना, दत्तू म्हणाला, “चाचा, साऱ्या जगाचा झाला. आता बाजूवाल्यांचा एक होऊन जाऊ दे. पाकिस्तानवाल्यांचा!”

“आहे ना,” चाचा म्हणाले. “झकास आहे. पण मग तारिकचा नंबर पण ऐकायला लागेल. तेव्हा उठायचं नाय.”

“तारिक कोन?”

“सेकंड इंजिनिअर होता. कराचीचा. दोस्त माझा.”

कोणाचा फोन वाजला नाही. दूधही कोणाला आठवलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. चाचांनी जहाजाचा नियम सांगितला होता. मंडळींनी त्याचं कारण आपापल्या घरून आणलं.

त्या रात्रीपासून त्यांचा मान वाढला. भांडण, टोमणा, अबोला, काहीही झालं नाही. चाचा खाली आले की कोणीतरी उठून हाताची खुर्ची पुढे करायचं. “बसा, मकबूलसाहेब.” तब्येतीची चौकशी व्हायची. फहादची चौकशी व्हायची. मग सगळे पाणीपट्टीवर बोलायचे, सभ्यपणे, आवाज न चढवता. जहाजावर इतक्या आदराने फक्त कस्टमच्या साहेबाशी बोलत, आणि तो उतरेपर्यंतच.

फहादला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “अब्बू, आता कोणी असे जोक करत नाही. आमच्या ऑफिसात तर नोकरी जाईल.”

“मग तुमी हसता कशावर?”

फहादने विचार केला. “मीम पाठवतात,” तो म्हणाला.

जानेवारीत दिलीप वर घरी आला. चहा घेतला. सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर कार्यक्रम आहे, मुलांचे नाच, मालतीबाईंचं गाणं, आणि चाचांनी पाच मिनिटं विनोद सांगावेत, असा कमिटीचा आग्रह आहे.

“कमिटीचा की तुझा?”

“माझा,” दिलीप म्हणाला. मग कपाकडे बघत म्हणाला, “चाचा, एक करा. त्यांच्यावरचा तो एक सांगून टाका. दोन मिनिटांचं काम. सगळ्यांच्या मनातलं निघून जाईल, पुन्हा पहिल्यासारखं बसू.”

“आणि तारिकचा नंबर?”

“तेवढं टेन्शन नका घेऊ. टाईम कमी आहे असं आमची सोनम स्टेजवरून सांगेल.”

दिलीप माणूस वाईट नाही. त्याने खरोखरच हिशेब सोपा करून दिला होता: एक विनोद टाकायचा आणि खुर्ची परत घ्यायची. चाचांनी होकार दिला. पुढचे काही दिवस ते विनोद आरशासमोर म्हणून बघत होते. तो इथे देत नाही. तारिक हजर नाही.

सव्वीसला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते स्टेजवर गेले. समोर टोप्या घातलेली पोरं, जिलेबीच्या डिशा, मोबाईल वर धरलेले हात. दत्तूने पुढच्या रांगेतून अंगठा दाखवला. चाचांनी माईक धरला आणि टेबलावर बघावं तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. जहाजावर सुरुवात करण्याआधी असंच बघायचे, ज्याच्यावर सांगायचा आहे तो आहे ना. इथे तो नव्हता. दुसराच मात्र भरपूर संख्येने हजर होता, जिलेबी खात.

“एक जहाज फुटलं,” चाचा म्हणाले. “एका लाईफबोटीत बारा इंडियन. पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं. बऱ्याच दिवसांनी एका ग्रीक जहाजाला ती बोट सापडली. अकरा जण तहानेने मेलेले, एकच जिवंत. कप्तान म्हणाला, अरे, पिंपाला तर कोणी हातही लावलेला नाही! तो उरलेला म्हणाला, काय करणार साहेब, पेला एकच होता.”

हा तारिकचा नंबर होता. चाचांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते आधी गप्प झाले होते आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. तारिकने तेव्हा त्यांना पाणी दिलं होतं, स्वतःच्या पेल्यातलं.

इथे स्पीकरची घरघर ऐकू आली. मागे एका लहान मुलाने विचारलं, “मग त्यांनी बाटलीने का नाही प्यायलं?” त्याच्या आईने त्याला गप्प केलं. सोनम, गायकवाडांची मोठी मुलगी, माईक घेऊन पुढे आली आणि म्हणाली, “चाचांनी खूपच सुंदर सामाजिक संदेश दिला. जोरदार टाळ्या!” टाळ्या झाल्या. विनोद सांगणाऱ्याचा याहून मोठा अपमान शोधायला बराच अभ्यास लागेल.

दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, आजच्या दिवशी तरी देशाची बदनामी नको होती. खाली हात जोडलेले बरेच उमटले. कोणी चाचांचं नाव घेतलं नव्हतं. तेवढा आदर अजून होता.

चाचा चारपाच दिवस खाली गेले नाहीत. मग दूध संपलं म्हणून उतरले, तर पंपाच्या खोलीपाशी दिलीप उभा होता. त्याने आजूबाजूला बघितलं आणि जवळ आला.

“चाचा, मी हसलो होतो त्या दिवशी.”

“बघितलं नाय मी.”

“आवाज नव्हता केला,” दिलीप म्हणाला. “आमच्या गावात तो पेला होता, चाचा, आमच्या लोकांसाठी वेगळा ठेवलेला. माझ्या आज्याने बघितलाय. घरी गेल्यावर बायकोला सांगितला तेव्हा आवाज करून हसलो.”

मकबूलचाचांचा चेहरा उजळला. ते भिंतीला टेकले, हात बांधले, जसे जेवणघराच्या दारात टेकत असतील तसे.

“मग आता नंबर तुझा,” ते म्हणाले. “सांग. माझ्यावर. कोकणातल्यांवर सांग, मुसलमानांवर सांग, म्हाताऱ्यांवर सांग. कायपण चालेल.”

दिलीप हसला. तोंड उघडलं. काहीतरी होतं त्याच्याजवळ, अगदी जिभेवर आलेलं दिसत होतं. मग त्याने गेटकडे बघितलं. तिथे खुर्च्या मांडायला सुरुवात झाली होती.

“तुमच्यावर काय सांगणार, चाचा,” तो म्हणाला. “तुम्ही वडीलधारे.” आणि जाता जाता वळून, “उद्या टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.”

चाचांनी दूध आणलं. वर येऊन बादल्या भरल्या, हंडा भरला, रहिमाचं ईदचं मोठं पातेलं माळ्यावरून काढून तेही भरलं. उद्या एवढं पाणी कोणाला लागणार होतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.