गुरुवारची गढी

बाप गेल्यावर वर्षाच्या आत भाऊ साडी घेऊन दारात आला की बहिणीनं समजून जावं, असं आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत म्हणायचे. साडीमागून कागद येतो. त्याचं नाव हक्कसोड. बापाच्या शेतातला आपला वाटा भावाला सोडला, असं बहीण त्यावर लिहून देते. माझ्याबरोबर परभणीत शिकवणाऱ्या बऱ्याच जणींनी तो दिला होता. कुणाला पैठणी मिळाली, कुणाला नुसता खण, आणि एकीची तर आंब्याच्या पेटीवर बोळवण झाली. मी मात्र नाक वर करून सांगायची, "माझा भाऊ तसा नाही. त्याला हवं असेल तर चहा पिता पिता तोंडानं मागेल, आणि मी कप खाली ठेवायच्या आत हो म्हणेन." हे मी नवऱ्यालाही ऐकवलं होतं. तो हसला होता. ते हसणं मला अजून टोचतं.

वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, तलाठ्यानं सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा दोघा भावंडांची नावं लावली. भावानं विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. शेताचा मला लोभ नव्हता. त्यानं मला कसं विचारावं, याचा मात्र फार होता.

मग एक दिवस त्याचा फोन आला. "आक्का, गढीवर येतीस का?"

आमचं गाव येलदरीच्या धरणापासून जवळ, डोंगराच्या कुशीत. गावामागच्या टेकडीवर कुण्या जुन्या सरदाराची गढी आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि चार बुरूज. आता दोनच बरे उरलेत. जन्मभर मी पाचवी-सहावीच्या पोरांना भूगोल शिकवला. आपले डोंगर म्हणजे एकावर एक ओतलेला आणि थंड झालेला लाव्हा, हे फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. घरामागच्या डोंगरावर मात्र कधी पाय ठेवला नाही. कारण गढीवर पिंपळ आहे, पिंपळावर मुंज्या आहे, आणि बाईमाणूस दिसलं की तो झपाटतो, असं सगळं गाव सांगायचं. घराच्या माळवदावर टाकायला पायथ्याची पांढरी माती लागायची. ती आम्हीच पोरी टोपल्यांनी डोक्यावर वाहायचो. तेव्हा मुंज्याची हरकत नसायची. वर चढायचं म्हटलं की तो जागा व्हायचा.

भाऊ माझ्याहून धाकटा. तो दिवसभर वर हुंदडायचा आणि संध्याकाळी खिशातून माझ्यासाठी सीताफळ काढायचा, नाहीतर दगडात सापडलेली चमकणारी गारगोटी. बुरजात एक झरोका आहे, त्यातून धरणाचं पाणी दिसतं, म्हणायचा. मी विचारायची, केवढं दिसतं? तो दोन्ही हात पसरायचा. मग मला रडू यायचं आणि तो म्हणायचा, "मोठा झालो की तुला नेतो." मी हे विसरले नव्हते. तो विसरला नव्हता, याचा मला फोनवर इतका आनंद झाला की पुढचं सगळं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"गुरुवारी ये. रविवारी पोरं लय गर्दी करतेत तिथं."

"बरं."

"आन् आधार कार्ड घेऊन ये. हल्ली कुठं बी मागायलेत."

पडक्या गढीवर आधार कार्ड कोण मागणार? मुंज्या? पण माहेरच्या फोनवर माणूस शंका काढत नाही. मी कार्ड पर्समध्ये टाकलं, नवऱ्याला म्हटलं, "बघितलंत?" आणि मिरवत एसटीत बसले.

खरं सांगायचं तर तो दिवस फार चांगला होता. त्याच्या चांगलेपणाचाच मला राग आहे. तुरीला शेंगा भरल्या होत्या, डोंगरावर गवत वाळून पिवळं पडलं होतं. मधून काळ्या खडकाचे थर दिसत होते, अगदी मी फळ्यावर काढायचे तसे. भाऊ पुढं चढायचा, वळून हात द्यायचा. "आक्का, इथं निसरडं हाय. दमानं." माझे गुडघे कुरकुरत होते, पण मी हूं की चूं केलं नाही. दरवाजाची कमान पडली होती, नुसते दोन खांब उभे होते. आत घाणेरी माजलेली, एक कोरडा हौद, फुटक्या रांजणाचा काठ, आणि तो पिंपळ. चांगला हिरवागार होता. मी त्याच्याकडं बघून हात जोडले. भाऊ हसला. "काय करत न्हाई गं तो. मी आयुष्यभर यायलोय."

झरोका फार लहान निघाला. भिंतीला दोन्ही हात लावून, डोकं तिरकं करून बघावं लागलं. खाली गाव, गावाला लागून आमचं शेत, लिंबाची पट्टी म्हणतात ते, आणि लांब, डोंगराच्या दोन घड्यांमध्ये, पाण्याची एक निळी पट्टी. भावानं पसरलेल्या हातांएवढी नव्हती. हाताच्या बोटाएवढी होती. तरी मी रडले. साठी उलटलेली बाई भिंतीला धरून हमसून रडते आहे, आणि भाऊ शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा. त्यानं घड्याळाकडं बघितलं. "चल आक्का, ऊन लागंल तुला." माझी केवढी काळजी आहे याला, असं मला वाटलं. दशम्या आणि ठेचा आम्ही उभ्या उभ्याच खाल्ला.

खाली उतरून त्याच्या गाडीत बसलो. घराकडं वळायच्या फाट्यावर त्यानं गाडी जिंतूरकडं घेतली.

"इकडं कुठं?"

"थोडं काम हाय. लगेच होतंय."

काम रजिस्ट्री ऑफिसात होतं. पायऱ्यांवर भावजय बसली होती. तिच्या मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि शेजारी गावातले दोन साक्षीदार. ती लगबगीनं उठली. "दमलाव का आक्का? चहा सांगते." तिनं चहा सांगितला, तो आलाही. मी कप हातात धरून भावाकडं बघत राहिले. म्हटलं, आता तरी बोल. माझ्या तोंडात हो तयार होतं, देवाशपथ. तो टेबलावरच्या माणसाला म्हणाला, "आमचा तीनचा नंबर हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिथं नुसता अंगठा लावायचा."

तीनचा नंबर. म्हणजे गुरुवार का, ते कळलं. कार्ड का, ते कळलं. वर झरोक्यापाशी तो घड्याळात काय बघत होता, तेही कळलं. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा, अशी माझी गत झाली होती. मी उठले आणि यंत्रावर अंगठा ठेवला. का ठेवला ते मला आजही सांगता येत नाही. यंत्रानं घेतला नाही. दुसऱ्यांदाही घेतला नाही. टेबलावरचा माणूस म्हणाला, "मावशी, हात धुऊन या. माती लागलीया."

मी हात बघितला. झरोक्याची पांढरी माती रेषारेषांत बसली होती.

बाहेर आवारात नळ होता. मी हात धूत होते तेवढ्यात भाऊ मागून आला.

"घरी का नाही विचारलंस?"

"तू न्हाई म्हणली असतीस म्हंजे?"

"आणि इथं नाही म्हटलं तर?"

"इथं आल्यावर कोण न्हाई म्हणतंय, आक्का." हे त्यानं वाईट वाटून घेऊन म्हटलं नाही, साधं सांगितलं.

मी शेवटचं विचारलं. विचारायला नको होतं. "गढी तरी मनापासून दाखवलीस का रे?"

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "दाखवायचीच होती की. म्हणलं, एका फेरीत दोन्ही कामं होतेत."

ते ऐकल्यावर मी नळ बंद केला. पदराला हात पुसले, ऑफिसात जाऊन पर्स उचलली, कार्ड आत टाकलं आणि स्टँडकडं चालू लागले. पायऱ्यांवरून भावजय हाका मारत होती. भाऊ नळापाशीच उभा होता. एसटीत बसल्यावर मला हुंदका आला, आणि शेतासाठी म्हणून नक्कीच नाही. लहानपणापासून मागत आलेली एकच गोष्ट होती माझी. ती त्यानं आमिषाला लावली. दुसरं काहीही लावलं असतं तर मी गळाला लागून गेले असते आणि तक्रारही केली नसती. घरी नवऱ्यानं माझं तोंड बघितलं आणि ताट वाढायला घेतलं. तो त्याचा चांगुलपणा.

गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. आक्का गढीवर गेली, पिंपळाखालून गेली, आणि मुंज्यानं तिला धरलं. नाहीतर सख्ख्या भावाला सोडून अशी भरल्या ऑफिसातून उठून जाती का? बाईमाणसाला वर न्यायलाच नको होतं. हे भाऊही म्हणतो असं कळलं. आयुष्यभर तिथं गेलेला, मला हसलेला माझा भाऊ.

महिन्याभरानं भावजयीचा फोन आला. "आक्का, ह्यांनी मुंज्याला नारळ फोडलाय. तुमच्या नावानं उतारा बी टाकलाय. आता कसं वाटायलंय?"

"बरं वाटायलंय."

"मग येताव का जिंतूरला? पुन्हा नंबर लावतेत."

मी म्हटलं, "नारळ वाया घालवला गं. त्या दिवशी गढीवर ज्याला माझ्याकडून काहीच नको होतं, असा तो मुंज्या एकटाच होता."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. यंदा भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं होतं, रात्री ते गाईला घातलं.