मस्कतच्या कंटेनरमधली आखणी

“उघडा रे! आत माणूस हाय, माल नाय!”

ओरडत होतो मीच. मस्कतच्या बाहेर, एका गोदामाच्या मागच्या आवारात, बंद कंटेनरच्या आतून, आणि तेही अस्सल पेणच्या मराठीत. पत्र्यावर दोन्ही हातांनी असा बुकलत होतो की आवाज धरमतरच्या जेट्टीपर्यंत पोचला असता. गोदामाच्या फाटकापर्यंत मात्र पोचला नाही. मराठी झाली, हिंदी झाली, इंग्रजीत “हेल्प हेल्प” झालं. शेवटी अरबी काढली. अरबीतले मला दोनच शब्द येत होते, विमानात शेजारच्या माणसाने शिकवलेले – शुक्रान आणि हबीबी. तेच जीव तोडून ओरडलो. आता मला सांगा, लोखंडी डब्यातून कुणी “आभारी आहे लाडक्या, आभारी आहे लाडक्या” म्हणून बोंबलत असेल, तर त्याला कशाला कोण बाहेर काढेल?

तर मंडळी, या सदरात अनुभव सांगणारे सगळे आधी हात वर करतात की आमचा असल्या चमत्कारांवर विश्वास नव्हता बुवा. माझं तर पोटच बाप्पावर होतं, तरी नव्हता! गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या माणसाइतका नास्तिक तुम्हाला अख्ख्या रायगडात मिळायचा नाही. पेण तालुक्यात, जिते गावाजवळ आमचा कारखाना. बाप्पाला कमरेत धरून मी पंख्याखाली सरकवलाय, त्याच्या सोंडेवर पंचा वाळत घातलाय, उंदरावर बसून चहा प्यालोय. शाडू, पाणी, रंग… बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर, असं माझं म्हणणं.

आमच्याकडची एक पद्धत आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दर्यापार जाणाऱ्या मूर्तीचे डोळे आम्ही इथे आखत नाही. सगळं करतो – पीतांबर, मुकुट, नखंसुद्धा – पण बुबुळं कोरी. मूर्ती जिथे बसायची तिथे पोचली की मग आमचं माणूस जाऊन डोळे आखतं. परदेशातल्या मंडळांना मी सांगतो, “साहेब, डोळे उघडे ठेवून बाप्पाला समुद्र ओलांडू देत नाय आमी, परंपरा हाय.” ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. खरं कारण असं की बोटीवर कंटेनरमध्ये दमट हवेने घाम सुटतो आणि काळा रंग गालावर ओघळतो. एका वर्षी बाप्पा काजळ फिसकटल्यासारखे पोचले होते. तेव्हापासून परंपरा.

आणि आखणी करते माझी बायको, सुमन. रोह्याची. तिचा हात म्हणजे… अहो, तिने डोळे आखलेल्या मूर्तीसमोर मी एकदा खोटं बोलायला गेलो तर मला ठसका लागला. बुबुळात ती पांढरा ठिपका देते ना, उजेडाचा, तो सगळे देतात वरच्या बाजूला. ही देते सोंडेकडे किंचित सरकवून, दोन्ही डोळ्यांत. “बाप्पा कुणाकडं तरी बगतोय असं वाटाया हवं,” म्हणते. “फोटोला उभा नाय तो.”

या वर्षी तिचा व्हिसा आला, तिकीट आलं, आणि तिची आई रोह्यात मोरीत पडली. मांडीचं हाड गेलं. सुमन आईपाशी राहिली आणि मस्कतला निघालो मी. माझं काम म्हणजे पीतांबराचे काठ आणि सोनेरी रंग! निघण्याआधी तिने मला जुन्या मूर्तींवर डोळे आखायला शिकवलं. माझे बाप्पा बघायचे कसे, तर चौकीतला हवालदार चोराकडे बघतो तसे, आणि त्यातही एक डोळा पनवेलला, एक रोह्याला. सुमन कपाळावर हात मारायची. पण मस्कतच्या मंडळाचे सेक्रेटरी पाटणकर साहेब विमानतळावर हार घेऊन उभे. “डोळे तुम्हीच आखता का?” मी म्हटलं, “साहेब, आपलाच हात.” जीभ माझी, मी काय करणार?

एकट्याने परदेशात जायची माझी ती पहिलीच खेप. रूमवर एसी, भिंती पांढऱ्या, बोलायला कोण नाही. मला तर गप्प बसलो की पोटात दुखतं. रात्रभर एकच विचार – मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे हुकले, तर पुढच्या वर्षी ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही तर कारखान्याचं पावसाळ्यातलं काम अर्धं. सुमन तोंडाने काही बोलली नसती. तेच जास्त वाईट.

म्हणून सकाळीच, पाटणकर ऑफिसला जाण्याआधी त्यांच्या गाडीतून गोदामावर आलो. गोदामात अजून जागा रिकामी केलेली नव्हती, मूर्ती कंटेनरमध्येच उभ्या. म्हटलं, कुणी बघायच्या आत मोठ्या मूर्तीचं उरकून टाकू. बॅटरीचा दिवा लावला, करवंटीत काळा रंग ओतला. बाहेर वाऱ्याबरोबर रेती उडत होती. ओल्या रंगावर एक कण बसला की डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसतं. तेव्हा मी काय केलं? कंटेनरची दोन्ही दारं आतून ओढून घेतली.

हसू नका. आमच्या धंद्यात आखणीला बसलं की दार लावायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. पण आमच्या कारखान्याच्या दाराला आतून कडी आहे. कंटेनरला सगळ्या दांड्या बाहेरून! फोर्कलिफ्टवाला पठाण तिथून जात होता, त्याला दारं लोटलेली आणि दांड्या लोंबताना दिसल्या. त्याच्या कामाच्या सवयीने त्याने त्या खाली पाडून अडकवल्या आणि गेला माल उतरवायला आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझा फोन पाटणकरांच्या गाडीत चार्जिंगला.

आणि तुम्ही म्हणाल, मग काय झालं एवढं. मंडळी, आखातातलं ऊन! थोड्या वेळाने तो पत्रा असा तापला की त्याच्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगली असती. दिवा पिवळा झाला, तांबडा झाला, विझला. मग काळोख. पेणला दिवे जातात तसला काळोख नाही… तिथे चांदणं असतं, शेजारणीचा आवाज असतो. हा काळोख तोंडावर गोधडी दाबल्यासारखा. श्वास घेतला की गरम, सोडला की अजून गरम. बुकलून बुकलून मुठी सोलल्या. ओरडलो, ते वर सांगितलंच. मग ओरडायलाही घशात काही उरलं नाही, आणि पहिल्यांदाच मनात आलं – अरे, आपण इथे मरणार. इतक्या बाप्पांमध्ये, आणि एकालाही दिसत नाही.

दिसत नाही… कसं दिसणार? डोळेच आखलेले नाहीत!

आता हा विचार वेड्याचा आहे, मला मान्य आहे. डोकं तापलेलं होतं. पण त्या वेळी तो मला तीन आणि दोन पाच इतका सरळ वाटला. आंधळ्यापुढे बोंबलून काय उपयोग, आधी त्याला डोळे दे, मग सांग. चाचपडत मोठ्या मूर्तीपाशी गेलो. करवंटी हाताला लागली, कुंचला लागला. डाव्या अंगठ्याने पापणीची कड शोधली – शाडूत ती कोरलेली असते, बोटाला बरोबर कळते. आणि त्या मूर्तीला मी म्हणालो, हे अगदी जसंच्या तसं सांगतो, “बाप्पा, मी काय तुला कधी मानला नाय. पण आता बग बाबा.”

कुंचला टेकवला.

त्यानंतरचं सांगताना मी कुठेही तिखटमीठ लावत नाही. मी कुंचला धरला होता एवढं आठवतं, पण तो नेत होतो असं वाटेना. घाबरणं गेलं… म्हणजे हळूहळू कमी झालं असं नाही, भरलेली घागर कुणी डोक्यावरून उतरवून घ्यावी तसं गेलं. तोच डबा, तोच काळोख, बाहेरून दांड्या तशाच पडलेल्या. पण मला कुठे जायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला कुणाला काही सांगायचं नव्हतं, मोठेपणा मारायचा नव्हता. एकटा होतो आणि एकटं वाटत नव्हतं. दार उघडलं तर बरं, नाही उघडलं तरी हरकत नाही, असं. मी! ज्याचं बस सुटायला उशीर झाला तर कंडक्टरशी भांडण होतं, तो मी.

मांडी घालून मूर्तीपुढे बसून राहिलो. किती वेळ, ते विचारू नका.

दार उघडलं तेव्हा उजेडाने डोळे दिपले. पाटणकर जेवणाचा डबा घेऊन आले होते, मी कुठे दिसेना म्हणून त्यांनी पठाणाला शोधून आणला. माझ्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. पाटणकर म्हणतात, मी खाडीतून काढल्यासारखा निथळत होतो. त्यांचं त्यांना माहीत. पठाण बिचारा माझे पाय धरायला लागला, पाटणकर पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर रिकामी करत होते, आणि मधेच त्यांचा हात थांबला. ते माझ्या मागे बघत होते.

“अहो,” ते हळूच म्हणाले, “हे अंधारात आखलंत तुम्ही?”

वळलो. मोठ्या मूर्तीचे दोन्ही डोळे पुरे झालेले. पापणीची रेघ केसासारखी बारीक. बुबुळं जिथल्या तिथे. आणि दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका, सोंडेकडे किंचित सरकवलेला.

पाटणकर हात जोडून उभे राहिले, पठाणसुद्धा वाकून बघायला लागला. मी मात्र पिशवीकडे धावलो. कारण करवंटीत मी ओतला होता फक्त काळा. पांढऱ्या रंगाची नवी बाटली पिशवीत तळाशी होती, पेणच्या दुकानातून घेतलेली. काढून बघितली. झाकणावरचं प्लास्टिक तसंच होतं, न फाडलेलं.

बाकीच्या मूर्ती मी पुढच्या दिवसांत गोदामात आखल्या, दिवे लावून, दार सताड उघडं टाकून. त्या माझ्याच हाताच्या झाल्या, उगाच खोटं कशाला. थोडे हवालदार आहेतच. मंडळाने चालवून घेतल्या, कारण मोठ्या मूर्तीपुढे आलेला माणूस दुसरीकडे बघतच नव्हता. काम संपलं तरी मी संध्याकाळी जाऊन तिच्यापुढे बसायचो. बोलायला कुणी नव्हतं आणि पोटातही दुखलं नाही. रूमवरच्या त्या पांढऱ्या भिंतीही बऱ्या वाटायला लागल्या. परत आलो तर कारखान्यातली पोरं म्हणतात, काका मस्कतला आजारी होते काय, गप्प बसतात. आणि सोंडेवर पंचा वाळत घालणं मी बंद केलंय.

पण ठिपक्याचं काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. उन्हाने भ्रम झाला म्हणावं, तर पाटणकरांना आणि पठाणाला पण दिसला. मीच बाटली उघडून परत बंद केली म्हणावं, तर सील कसं जोडलं? माझ्या एका शहाण्या मित्राने पाच कारणं दिली. बाटली त्याच्या हातात दिल्यावर पाचही परत घेतली.

आल्या आल्या विमानतळावरून तसाच रोह्याला गेलो होतो. सासूबाई खाटेवर, सुमन जमिनीवर बसून त्यांच्यासाठी वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. जरा वाढवूनच सांगितलं असेल. ती वाल सोलतच होती. मग मी फोनमधला फोटो पुढे केला. तिने हात पदराला पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आधी एक डोळा, मग दुसरा.

मी विचारलं, “काय गो, कुणाचा हात हाय हा?”

तिने फोन मला परत दिला आणि वाल पुढे ओढले.

“माझाच हाय,” ती म्हणाली. “पण दार कशाला लावलंत? रेती अडवायला दारात ओली चादर बांधायची होती.”