दुसऱ्या मजल्याचा स्लॅब

नोकरीचं पत्र आलं तेव्हा आईनं विजय नगरच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "आता ही परदेशात हॉस्पिटल बांधणार." खरं म्हणजे मी बसणार होते नेपियर टाउनमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. आपल्या सरकारनं समुद्रापलीकडच्या एका लहानशा बेटाला दुमजली रुग्णालय बांधून द्यायचं कबूल केलं होतं. बांधकाम ठेकेदाराकडे आणि त्यावर लक्ष आमच्या कार्यालयाचं, तेही जबलपुरातून. अहवाल, फोटो आणि रोज दुपारी बारा वाजता व्हिडिओ कॉल. अकरा वर्षं खाजगी कंपन्यांत पुलांची डिझाइनं करून आलेल्या मला हे काम आरामाचं वाटलं.

माझ्या आधीचे अधिकारी अचानक राजीनामा देऊन गेले होते. त्यामुळे मला कोणी काही समजावून दिलं नाही. मिळाली ती फक्त फाइल. पहिल्या मजल्याच्या प्रत्येक कागदावर त्यांची सही होती. दुसऱ्या मजल्याचे कागद सुरू झाले आणि सह्या थांबल्या. एकही नाही.

"पुराना बैकलॉग है मैडम, धीरे-धीरे साइन कर दीजिए," साहेब म्हणाले. साहेब मृदू बोलायचे. पहिल्या दिवशी स्वतः माझ्यासाठी चहा मागवला होता त्यांनी.

पण सही करायची तर वाचायला हवं. काँक्रीट ओततानाच त्याचे लहान ठोकळे भरून ठेवतात आणि नंतर ते यंत्रात दाबून फोडतात. किती भाराला फुटले त्यावरून ताकद कळते. तीन वेगवेगळ्या आठवड्यांचे अहवाल मी शेजारी शेजारी ठेवले. तिन्हींतले आकडे दशांशापर्यंत सारखे होते. ठोकळे इतके आज्ञाधारक कधीच नसतात.

कॉलवर मी विचारलं. ठेकेदाराचा मॅनेजर हसला. "फॉर्मेट की गलती है, मैडम." त्याच्याच कंपनीचा साइट इंजिनिअर, पन्नाशीचा, पिवळं हेल्मेट घातलेला, फोन हातात धरून मला साइट दाखवायचा. तो एक अक्षर बोलत नसे. तेवढ्यात चित्र गोठलं आणि मी वैतागून म्हणाले, "अगं आई, परत गेलं!" चित्र परत आलं तेव्हा तो कॅमेऱ्यात निरखून बघत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर ट्रकवाल्याशी बोलायला बाजूला गेला आणि तो इंजिनिअर चालता चालता हळूच म्हणाला, "ताई, मराठी समजते ना तुमाले?"

"हो, घरी मराठीच आहे."

"मंग आयका. वहीत लिवल्यासारखं करा, इकडे पाहू नका. वरच्या स्लॅबचे टेकू हे लोक मुदतीच्या आधीच काढून राहिले. मी नाही म्हटलं, तं कोणी आयकून नाही राहिलं. तुमी वरचा मजला दाखवा म्हणा."

"क्या बातें हो रही हैं?" मॅनेजरचा आवाज आला.

"कुछ नहीं सर, गाँव पूछ रहा था. मेरा घर शहपुरा में है ना, मैडम जबलपुर की निकलीं."

मी वरचा मजला दाखवायला सांगितलं. त्या दिवशी जिना ओला होता. दुसऱ्या दिवशी नेटवर्क नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोटो आले. स्लॅब खालून पांढराशुभ्र दिसत होता, ताजा चुना मारलेला. भिंतींना प्लास्टरसुद्धा नव्हतं अजून. मग भेगा झाकायच्या असल्याशिवाय छताला चुना कोण मारतं?

त्यानंतर फोन धरायला दुसराच माणूस येऊ लागला. "वो छुट्टी पर गए," मॅनेजर म्हणाला.

मी कार्यालयात कोणाला न सांगता आधीच्या अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, मैंने बस साइन नहीं किए. लिखना भी चाहिए था, लिखा नहीं." आणि फोन ठेवला.

रविवारी बसनं जबलपूरजवळच्या शहपुऱ्याला गेले. बाजारात दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. त्याच्या बायकोनं दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ती आधी खूश झाली.

"सुट्टीवर आलेत ना ते?" मी विचारलं.

"सुट्टी?" तिचा चेहरा उतरला. "नाही जी, ते तं दिवाळीपर्यंत येणार नव्हते. आठ दिवस झाले, फोन लागून नाही राहिला. काहून, काही झालं का तिकडे?"

ते साइटवर दिसत नाहीत, एवढं मी सांगितलं. पासपोर्ट मॅनेजरकडे जमा असतो, एवढं तिला माहीत होतं. नवऱ्याचा पत्ता लागत नाही, असा अर्ज मी तिच्याकडून लिहून घेतला. लिहिताना तिनं तीनदा विचारलं, "यानं त्यांची नोकरी तं नाही ना जाणार?"

सोमवारी साहेबांनी तो अर्ज वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. "मैडम, अभी आपका प्रोबेशन चल रहा है," ते नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले. ते रागावले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. मी जागेवर आले आणि बेटावरच्या आपल्या दूतावासाला व मुख्यालयाला एकच पत्र पाठवलं. स्लॅब भोक पाडून तपासल्याशिवाय मी सही करणार नाही आणि एक भारतीय माणूस आठ दिवसांपासून सापडत नाही, एवढंच त्यात होतं.

चार दिवस बारा वाजता कॉल आलाच नाही. साहेब समोरून जायचे, पण बघायचे नाहीत. चहावाला माझ्या टेबलाशी थांबायचा बंद झाला.

पाचव्या दिवशी दूतावासाचा फोन आला. इंजिनिअर सापडला होता, दोन तासांवरच्या एका दगडखाणीत. फोन आणि पासपोर्ट काढून घेऊन त्याला तिथं कामाला लावलं होतं. मी रडले. स्लॅब तपासणारं यंत्र पुढच्या शुक्रवारी पोचणार होतं.

आदल्याच दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत स्लॅबचा मधला भाग खाली आला. बहुतेक मजूर बाहेर झाडाखाली जेवत होते. एक जण आत सावलीला झोपला होता. त्याचा पाय मांडीपासून कापावा लागला. माझं पत्र दोन आठवडे आधी गेलं असतं तर? तेव्हाही आकडे माझ्यासमोरच होते.

ठेकेदाराला काढलं, चौकशी बसली, साहेबांची बदली झाली. चौकशीत मला विचारलं गेलं, संशय आला त्याच दिवशी का कळवलं नाही. नवी होते, असं मी सांगितलं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

इंजिनिअर घरी आल्यावर एकदा बायकोला घेऊन कार्यालयात भेटायला आला. खूप वाळला होता. आता साइटवर जाणार नाही म्हणाला, शहपुऱ्यातच भावाच्या बियाण्याच्या दुकानात बसतो. बायको खाली उतरली तेव्हा तो दारात थांबला.

"ताई, एक सांगायचं राहिलं. त्याच ठेकेदारानं तिथं एक शाळा पण बांधली हाय. तिच्या कामावर मीच होतो, टेकू तिचेही असेच काढले."

"आमच्या यादीत नाही ती."

"नाही. ते काम तिथल्या सरकारचं होतं. वर्ष झालं, पोरं बसून राहिली तिच्यात."

त्याच दुपारी मी शाळेबद्दल दूतावासाला पत्र लिहिलं. मग आणखी दोन. अजून उत्तर आलेलं नाही.