जखिणीचे डोळे

आमच्याकडे, पेणजवळच्या जोह्यात, गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी होतात. त्याला आखणी म्हणतात. साचा कुणीही भरील, अंगाचा रंग कुणीही मारील, पण आखणीचा हात ठरलेला असतो. लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्या वर्षापासून आमच्या कारखान्यात तो हात माझा. सासऱ्यांनी स्वतः शिकवलेला. मी ब्रश उचलला की रेडिओसुद्धा बारीक करायचे.

मग धाकट्या दिराचे लग्न झाले आणि रोह्याची जाऊ घरात आली. तिला आखणी मी शिकवली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता कुणी सांगत नाही. मूर्ती उंच पाटावर बसते, माणूस खाली, म्हणून बुबुळ किंचित खाली उतरवायचे, म्हणजे हात जोडणाऱ्याला वाटते देव आपल्याकडेच बघतोय. ही खूण मीच तिला दिली. दोन सीझन गेले नाहीत तोवर गिऱ्हाइके फोनवर विचारायला लागली, "धाकट्या वहिनींच्या हातची आखणी मिळेल का?" कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्या बाईने काढली ती कुणाची तरी मोठी जाऊच असणार.

मी दुष्ट नाही. तिला ताप आला तर पेज मीच करून देते. पण ती आखणीला बसली आणि आलेले लोक मोबाईल काढून तिचे शूटिंग करायला लागले, की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मागच्या थंडीत रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी पिक्चरवाले आले. पिक्चर जखिणीचा. नवरा जिवंत असताना जी बाई मरते आणि जिचा जीव संसारात अडकतो, ती जखीण. नवऱ्याने दुसरी केली की त्या दुसरीला ती सुखाने नांदू देत नाही. त्यांना जखिणीचा मुखवटा रंगवून हवा होता, आणि जावेचे कुठलेसे रील बघून त्यांची एक मुलगी आमच्याकडे आली. मी दारातच मूर्ती घासत बसले होते. तिने मलाच विचारले, "त्या डोळे काढणाऱ्या ताई कुठे आहेत?"

मी बोटाने आत दाखवले. दुसरे काय करणार?

सासूबाईंनी मुखवटा कारखान्यात येऊच दिला नाही. "देवांच्या मधी जखीण? पडवीत ठेवा ती. आन देवाचा ब्रश तिला लावायचा नाय, सांगून ठेवते." मग पेणहून नवे ब्रश आणले. जाऊ चार दिवस पडवीत बसून होती. गावातल्या बाया काही ना काही निमित्त काढून बघायला येत, आणि मी त्यांना चहा करून देत होते.

पाचव्या दिवशी तिने मुखवटा माझ्यापुढे धरला. बघताक्षणी कळले. केस पिंजारलेले, गाल बसलेले, ओठ काळेनिळे, आणि डोळे मात्र थेट आपल्या बाप्पाचे. शांत, खाली उतरलेले, सांभाळून घेणारे. हाताला इतक्या वर्षांची सवय, तो दुसरे काय काढणार! तेव्हाच सांगायला हवे होते. मी म्हणाले, "छान झालाय गो." मनात उकळ्या फुटत होत्या.

आठवड्याने ती मुलगी मुखवटा परत घेऊन आली. "ताई, हिला बघून हात जोडावेसे वाटतात. सर म्हणाले, लोक थिएटरात नारळ फोडतील."

जावेचे तोंड एवढेसे झाले. तिने मुखवट्याचे डोळे पुसून पुन्हा काढले. पुन्हा बाप्पाच. तिसऱ्यांदाही तेच. मग ती चुलीपाशी आली. "ताई, माझ्या हातून देवच होतोय ओ. तुमी बघता का?"

तिच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षे थांबले होते! उरलेल्या भाकऱ्या मी मुद्दाम सावकाश थापल्या. मग पडवीत जाऊन बसले. मुखवटा हलू नये म्हणून ती माझ्यासमोर बसली आणि मांडीवर तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. काय काढायचे ते मी काही ठरवले नव्हते. बुबुळ खाली उतरवले नाही, एवढेच. मान वर केली की ती दिसे, खाली घातली की मुखवटा. एका बैठकीत दोन्ही डोळे झाले. मुखवटा न्यायला थांबलेली पिक्चरवाली मुलगी एक पाऊल मागे सरकली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मी हवेत होते. फक्त एक गोष्ट डाचत होती. काम जावेच्या नावाने आलेले, म्हणजे पिक्चरमध्ये नाव तिचेच लागणार. तिला विचारायचे मी शंभरदा ठरवले आणि विचारले नाही. ती आपण होऊन सांगत नाही याचाही राग आला.

पिक्चर रोह्यात लागला तेव्हा तिच्या आईने आम्हा दोघींना बोलावले. पेणला एसटी बदलून गेलो आणि दुपारच्या खेळाला बसलो. नव्या नवरीने पाणी भरायला कळशी बुडवली आणि पाण्याखालून तो मुखवटा वर आला. मागची बाई किंचाळली. एक बाप रडणाऱ्या लेकराला उचलून बाहेर पळाला. मला वाटत होते, उभे राहून सगळ्यांना सांगावे, ते डोळे माझे आहेत.

शेवटी नावे आली. लोक उठून चालले, मी मात्र खुर्चीचा हात धरून वाचत राहिले. जखिणीच्या डोळ्यांपुढे नाव होते. माझे. एकट्या माझे.

"तुझं नाव कुठं हाय गो?"

"मीच तसं सांगितलं त्यांना. डोळे तुमी काढलेत, मग नाव तुमचंच पायजे."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. आता चांगुलपणातही हीच पुढे! ते तिला दिसू नये म्हणून मी हसून चेष्टा केली, "सगळं थिएटर वरडलं, तू एकदा पण दचकली नाय. भ्यायली नायस व्हय?"

खुर्चीखाली गेलेली चप्पल ती पायाने शोधत होती. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"नाय ओ ताई. मी आखणीला बसले की रोज बघते मी ते डोळे."