सुनेने मागे ठेवलेली बरणी

मुलगा-सून वेगळे राहायला गेले तेव्हा टीव्ही, गादी, मिक्सर सगळं टेम्पोत चढलं आणि सुनेच्या कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या चहाची, बरणी तेवढी माझ्या ओट्यावर राहिली. "हिंदकळेल हो आई. दर पंधरा दिवसांनी येऊच की आम्ही, तेव्हा बाटल्या भरून नेऊ," सून म्हणाली. घर घेतलं होतं घोडबंदर रोडला, चेण्याच्या पुढे. इथून रिक्षाने अर्धा तास. मी बरं म्हटलं. बरणी राहिली तर येणं-जाणं राहील, एवढाच माझा हिशोब.

दोनदा आले. मग सुनेचं ऑफिस, मग मुलाची पाठ, मग घोडबंदरचं ट्रॅफिक.

बरणी थांबायला तयार नव्हती. गोड कोरा चहा गार करून ओतला की दहा-बारा दिवसांत वर नवी चकती धरायची. सायीसारखी, पण जाड आणि बुळबुळीत. फेकायची कशी? विरजण तुटू द्यायचं नाही, या सासूबाईंच्या धाकात माझी उमेदीची वर्षं गेली. शिवाय एक चकती म्हणजे मुला-सुनेची एक चुकलेली खेप, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेजारणीला द्यायला गेले तर ती दारातूनच म्हणाली, "हमारे में बासी नहीं चलता, आंटी." चौकच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी कोळीण बरणीत वाकून बघत हसली. "बाय, असला आमच्या जाल्यान पन येते. खायाला न्हाय, फेकतो आमी." एक चकती कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. फार आंबलेल्या पाण्यात मीठ घालून देवाची तांब्याची भांडी घासली. लख्ख निघाली. देवाला तरी उपयोग झाला म्हणायचा. बाकीच्या चकत्या तीन पाण्यांतून काढल्या, बारीक चिरल्या, आलं घालून साखरेच्या पाकात आटवल्या आणि वाळवल्या. चिवट झाल्या, पण चव बरी होती. दोन डबे भरले. कुणासाठी, ते विचारू नका.

चार महिन्यांनी एका रविवारी दोघं जेवायला आली. मी बशीत ते तुकडे ठेवले. सुनेने दोन खाल्ले, कसले आहेत विचारलं. मी तोऱ्यात बरणीच पुढे आणली.

"अय्या, अजून सांभाळताय हे? आम्ही कधीच सोडलं. याला अ‍ॅसिडिटी होते. आणि हवंच असलं तर ऑनलाइन मिळतं की, आई."

मुलाने फोनमधून मान वर काढली नाही. "फेकून दे ना. कशाला उगाच राबतेस?"

अंगाचा तिळपापड झाला, पण मी त्यांना भात वाढला. ती दोघं गेल्यावर बरणी सगळ्या चकत्यांसकट कुंडीत रिकामी केली, विसळली आणि ओट्यावर पालथी घातली.

गिरगावातून इथे राहायला आलो तेव्हा सासूबाईंनी विरजणाची वाटी टेम्पोत मांडीवर धरून आणली होती. महिन्याभरात माझ्या हलगर्जीपणाने तिला बुरशी आली. "खाली डेअरी आहे, दही मिळतं की," मी म्हणाले होते. त्यांनी वाटी विसळली, पालथी घातली आणि त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला वाटलं होतं, म्हातारीला झोप आली असेल.