नगर ते मिरजगाव, शोरूमच्या गाडीने

माझी गाडी दोन दारांची आहे. कूपे. सहा वर्षांपूर्वी ती पुण्यातून सेकंडहँड आणली, तेव्हा कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मॅडम, मागच्यांनी उतरायचं कुठून?" मी म्हणाले, मागे कुणी बसतच नाही. ते खरंच होतं. मी सावेडीत एका फ्लॅटमध्ये एकटी राहते. मागच्या सीटवर माझ्या फायली बसतात आणि त्यांना उतरायची घाई नसते.

तर या कूपेच्या जागी छोटी एसयूव्ही घ्यावी का, हे ठरवायला मी जानेवारीतल्या एका शनिवारी नगरहून मिरजगावला जाऊन आले. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, एका दिवसाचा प्रवास. गाडी बदलायच्या विचारात असणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

गाडी का बदलायची, असं कुणी विचारलं की मी सावेडीतल्या स्पीडब्रेकरांकडे बोट दाखवायचे. खरं कारण अण्णा. माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. मिरजगावपासून चार किलोमीटरवर आमची वस्ती आहे, तिथे ते धाकट्या भावाकडे, विलासकडे असतात. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि सांधा बदलावा लागला. डॉक्टरांनी बजावलं, बुटक्या जागेवर बसायचं नाही, उठताना जोर पडेल असं काही करायचं नाही. माझ्या कूपेत बसलं की गुडघे हनुवटीशी गप्पा मारतात. त्यामुळे विलास फोनवर जेव्हा जेव्हा म्हणाला, "ताई, अण्णांना ने की थोडं दिवस तुझ्याकडं," तेव्हा तेव्हा मी म्हणाले, "अरे, पण माझ्या गाडीत त्यांना बसता कुठे येतंय?"

भाड्याने गाडी मिळते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. विलास तसं बोलला नाही, मीही नाही. मला एकटीने राहायची सवय झाली आहे आणि ती मोडायची भीती वाटत होती. मोठी गाडी घेतली की माझ्याकडे सांगायला कारण उरणार नव्हतं, म्हणून आठ महिने मी नुसती माहितीपत्रकं गोळा करत होते.

शोरूममध्ये शेखभाई भेटले. पन्नाशीचे, विक्री विभाग सांभाळतात. त्यांचा जमिनीचा एक दावा मी पूर्वी चालवला होता. त्या ओळखीवर नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी अख्ख्या दिवसासाठी गाडी मिळाली. अटी दोनच. संध्याकाळी सहाच्या आत परत आणायची आणि शोरूमचा माणूस सोबत हवा.

"मीच येतो मॅडम," शेखभाई म्हणाले. "वस्तीवर हुरडा असेल ना?"

गाडी पांढरी होती आणि दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत 'टेस्ट ड्राइव्ह' असं लिहिलेलं. माझी कूपे शोरूमच्या आवारात लावली आणि साडेआठला निघालो.

पहिल्या दहा मिनिटांत कळतो तो उंचीचा फरक. कूपेतून मला समोरच्या ट्रकचं मडगार्ड आणि त्यावरची शायरी दिसते. या गाडीतून ट्रकच्या पुढचा ट्रक दिसत होता. कॅन्टोन्मेंटमधून सावकाश जा, तिथे गडबड चालत नाही. पुढे सोलापूर रस्ता बरा आहे, पण या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि मागे दिवा असेलच याची खात्री नाही, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरा. स्टिअरिंग हलकं आहे. खड्डे कळतात, पण कमरेपर्यंत येत नाहीत. ओव्हरटेक करताना मात्र पाय दाबल्यावर गाडी आधी विचार करते आणि मग निघते. कूपे विचार करत नाही.

"ही फॅमिली गाडी आहे मॅडम," शेखभाई म्हणाले. "हिला कुठं पळून जायचंय?"

रुईछत्तिशीच्या अलीकडे एका हॉटेलात मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्यातून बघावा लागतो. हॉटेलमालक बाहेर आले, गाडीभोवती फिरले आणि त्यांनी दारावर टिचकी मारली.

"पत्रा पातळ हाय," ते म्हणाले.

"आजकाल सगळ्यांचाच तसा येतो," शेखभाई म्हणाले.

"मान्सांचा बी," मालक म्हणाले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

मिरजगावात एरवी माझा प्रवास हायवेवरच संपतो. ओळखीच्या एका खताच्या दुकानापुढे कूपे लावायची, विलासला फोन करायचा, तो मोटारसायकल घेऊन येतो आणि मी पर्स पोटाशी धरून मागे बसते. पुढचा रस्ता काळ्या मातीचा आहे, बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या पाडलेला. सहा वर्षं मी माझ्याच घरी अशी दुसऱ्याच्या मागे बसून गेले. त्या दिवशी विलासला सांगितलं होतं, घ्यायला येऊ नकोस, मी गाडीनेच वस्तीपर्यंत येते. चारही किलोमीटर गाडीचं पोट कुठेही घासलं नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांत आलेली, मध्येच लिंबाची बाग, मध्येच कांदा. खिडकी खाली करून मी बऱ्यापैकी खुशीत होते.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. वस्तीवर गाडी दाराशी आली म्हणजे ती घेतलेलीच असते. बघायला म्हणून गाडी आणतात ही कल्पनाच नाही. ट्रॅक्टरसुद्धा शेजाऱ्याच्या रानात चालताना बघायचा आणि मग थेट आपला आणायचा. हे मला ठाऊक होतं. पण शहरात वीस वर्षं राहिल्यावर ठाऊक असलेल्या गोष्टी वेळेवर आठवत नाहीत.

अंगणात गाडी वळवली तर समोर दहा-बारा माणसं उभी. विलासची बायको सुनंदा हातात ताट घेऊन पुढे. ताटात हळद, कुंकू, अक्षता, नारळ आणि आमच्याच बागेतली चार लिंबं.

"ताई, थांबा, उतरू नका!" ती ओरडली. "गाडी पहिल्यांदा दारात आली, तशीच कशी आत घ्यायची?"

मी काच खाली करून म्हणाले, "अगं सुनंदा, ऐक, ही गाडी..."

"बोलू नका मधी. आधी पूजा."

मी रोज कोर्टात उभी राहून हरकत घेते. तिथे मला एक वाक्य पुरं करता आलं नाही. सुनंदाने बॉनेटवर ओल्या कुंकवाने हे मोठं स्वस्तिक काढलं. विलासने झेंडूचा हार बांधला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारच्या काकूंनी दारावरची लाल अक्षरं बघून, "स्टिकर काढायचं ऱ्हायलं व्हय?" असं विचारलं. शेखभाई माझ्याकडे बघत होते. मी डोळ्यांनीच माफी मागितली.

"करू द्या मॅडम, पुसता येतं," ते हळूच म्हणाले, खाली उतरले आणि सुनंदाला अक्षता टाकायला सोपं जावं म्हणून तिच्या हातातलं ताट स्वतः धरून उभे राहिले. नारळ फुटला. मी गाडी लिंबांवरून पुढे घेतली. सगळ्यांना गूळ वाटला गेला.

आणि मग घरातून अण्णा आले. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तिच्यातून औषधांचा डबा वर आलेला. ते सरळ गाडीपाशी आले, पुढचं दार उघडलं, सीटवर टेकले आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला होती.

"चला," ते म्हणाले.

"अण्णा, जेवून तरी," विलास हसत म्हणाला.

"जेवून. मी आपलं बसून बघितलं."

शेतात आगटी पेटवली होती. हुरडा भाजला, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी. हुरडा खायचा असेल तर याच दिवसांत या आणि जेवून येऊ नका. शेखभाईंनी तळहातावर हुरडा चोळून घेत मनापासून खाल्ला. मी भाकरी आणायला चुलीपाशी गेले, तेव्हा सुनंदा म्हणाली, "ताई, ती पिशवी दसऱ्यापास्नं भरून ठिवलीय त्यांनी. ताईची मोठी गाडी आली की जायचं, म्हनत्यात. आमी इचारलं, ताई तसं बोलल्या का? तर म्हनले, ती बोलायची न्हाई, पन यील."

मला लाज वाटली. आठ महिने मी फोनवर जे सांगत होते, ते अण्णा पलीकडे बसून ऐकत असणार आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. ही गाडी माझी नाही, हे सांगायला तीच वेळ बरी होती. मी भाकऱ्या घेऊन बाहेर आले.

तीन वाजता निघालो. अण्णा पुढे, शेखभाई मागे. मागच्या सीटवर दोघं आरामात, तिघं अवघडून बसतील, अशी माहिती शेखभाईंनीच देऊन ठेवली.

"खुर्चीत बसल्यावानी वाटतंय," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हितनं कुंपनापलीकडचं बी दिसतंय. कुनाची ज्वारी कशी हाय ते."

हायवेला लागेपर्यंत त्यांनी प्रत्येकाच्या ज्वारीला मार्क दिले. घोगरगाव मागे पडलं तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचं.

"अण्णा, ही गाडी माझी नाही. शोरूमची आहे. चालवून बघायला आणलीय. संध्याकाळी परत द्यायची."

समोर उसाच्या ट्रॉल्या होत्या, मला ओव्हरटेक करावंसं वाटलं नाही.

"मंग पूजा कुनाच्या गाडीची झाली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आमच्या, काका," मागून शेखभाई म्हणाले. "रोज नवा माणूस चालवतो हिला. तिला तर जास्तच गरज."

अण्णा हसले नाहीत. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मंग मी म्हागारी जाऊ का? हितनं यष्टी मिळंल मला."

एसटीच्या पायऱ्या त्यांना चढता येणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं.

"परत कशाला जाताय?" मी म्हणाले. "गाडी नाही, पण घर तर माझंच आहे ना."

ते नुसते "व्हय" म्हणाले.

साडेपाचला शोरूम. बॉनेटवरचं स्वस्तिक वाळून घट्ट बसलं होतं. एक कर्मचारी ओलं फडकं घेऊन आला, तर शेखभाई म्हणाले, "राहू दे आजच्या दिवस." मग त्यांनी मला विचारलं, "काय वाटली गाडी?" मी म्हणाले, पिकअप कमी आहे. ते हो म्हणाले. ते चांगले विक्रेते आहेत, अण्णांचं नावसुद्धा काढलं नाही.

आता प्रश्न राहिला शोरूम ते सावेडी. कूपे समोरच उभी होती आणि अण्णा तिच्याकडे बघत होते. "कसंतरी बसतो," असं म्हणून ते वाकायला लागले, तेव्हा मी त्यांना धरलं आणि रिक्षा थांबवली. अण्णा रिक्षात बसले, पिशवी मांडीवर. मी मागून कूपेत. चारचौघांत उठून दिसणारी माझी गाडी एका रिक्षामागे पंचवीसच्या वेगाने नगरमधून चालली होती. रिक्षा थांबली की मी थांबत होते. दोनदा अण्णांनी रिक्षातून हात बाहेर काढून मला पुढे जायची खूण केली. मी गेले नाही.

याला पाच आठवडे झाले. अण्णा पहाटे पाचला उठतात, बातम्या मोठ्याने लावतात आणि मी कोर्टात निघाले की, "किल्ली घेतली का?" असं विचारतात. मला या सगळ्याचा त्रास होतो, खोटं कशाला सांगू. गाडी बुक केली आहे, मिळायला अजून वेळ आहे. कूपे विकायला काढली आहे, पण आलेल्या गिऱ्हाइकाला मी किंमत जरा चढवूनच सांगते. तुम्ही गाडी बघत असाल, तर पिकअप, मायलेज, पत्रा सगळं बघा. पण घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आधी आत बसवून बघा.

काल विलासचा फोन आला. म्हणाला, शेजाऱ्यांची जीप रविवारी नगरला येतेय, अण्णांना घेऊन जातो, तुझीही सुटका. मी फोनवर हात ठेवून अण्णांना विचारलं.

ते गॅलरीत वाळत घातलेले माझे काळे कोट उलटे करत होते. "रविवारी कसं जमंल?" ते म्हणाले. "सोमवारी तुझी तारीख हाय. घरी कोन ऱ्हाईल?"

वीस वर्षं या घराला मी कुलूप लावून जाते. कधी काही झालेलं नाही.

"नको येऊस," मी विलासला म्हणाले. "इथे घरी माणूस लागतं."